मुरबाडचं मध्यंतर

"मुरबाडला रॉक म्युझिकल करतोय. एकही संवाद नाही, अख्खं नाटक गाण्यात. ये."

फोनवर सुभाष होता. कॉलेजमधला माझा मित्र, आता शेणव्यात राहतो, शाळेत शिकवतो. ड्रम्स तो तेव्हाही वाजवायचा, पण मुरबाड आणि रॉक हे शब्द एकत्र ऐकून मी हसले. ते हसूही पुढच्या हिशेबात धरायला हवं. एरवी या प्रवासाच्या सदरात मी नावपत्त्यांसकट लिहिते. या वेळी नाटकाचं नाव देत नाही, कारण या लिखाणातली चूक नाटकवाल्यांची नाही.

शनिवारी दुपारी नाशिकहून गाडी काढली. कसारा घाटात ट्रकमागे ट्रक असतात, तिथे घाई करू नका. दोन तासांत शहापूर. पेट्रोल तिथेच भरून घ्या. महामार्ग सोडून शेणव्याच्या रस्त्याला लागलं की पंपाचा भरवसा नाही. फेब्रुवारी होता, भाताची खाचरं कोरडी पडलेली, बांधावर गवताच्या उडव्या रचलेल्या. रात्रीचं जेवण सुभाषकडे: तांदळाची भाकरी, सुकट, वालाची उसळ. मुक्कामाला शहापुरात साधे लॉज मिळतात, पण ओळखीचं घर असेल तर ते सोडू नका.

रविवारी प्रयोग तीनला होता. पाड्यांवरच्या लोकांना उजेडात घरी परतता यावं म्हणून तिथे हीच वेळ ठेवतात. आम्ही बाराला निघालो. वाटेत किन्हवलीच्या अलीकडे रंजना आणि तिच्या सासूबाई गाडीत बसल्या. रंजना शहापूरला कपड्यांच्या दुकानात काम करते, आणि नाटकातली मुख्य भूमिका तिची. ती गळा राखत होती, थर्मासमधलं कोमट पाणी पीत गप्प बसली होती. बोलत होत्या त्या सासूबाई.

"पाच महिने पोर माझ्या कमरेवर आणि ही तालमीला. गावातली इचारतात, काय शिकते गो तुझी सून? मी काय सांगू? म्हटलं, आज ऐकतेच. बरं वाटलं तं करू दे. नाय तं बस झालं."

"मावशी, पुढे बसू नका. ड्रम कानात घुसेल," सुभाष म्हणाला.

"भात झोडते मी, मास्तर. आवाजाला काय भ्यायचं?"

रंजना खिडकीबाहेर बघत हसली, पण थर्मासचं झाकण लावताना तिचे आटे दोनदा चुकले.

सरळगावला वडापाव आणि चहा घेतला (वड्यात आलं भरपूर, जरूर थांबा), आणि दीडच्या आत मुरबाडला पोचलो. सभागृह लहान, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तिकीट पन्नास रुपये. रंगमंचामागच्या खोलीत मी रंजनाच्या अंबाड्याला पिना लावत होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, इथे मध्यंतरात सत्कार करतात. तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला बोलायला लावतील. थोडकंच बोला हां. नंतर लगेच माझं वरच्या सुरातलं गाणं आहे. गळा गार पडला की तो सूर नाय लागत."

"काळजी करू नको, आभार मानून खाली उतरते," मी म्हणाले.

नाटक एका बाईचं आहे. तिचं गाव धरणात गेलंय, आणि ती उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आपलं घर शोधायला येते. दोन गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि सतत गाणारे सात जण. श्वास घ्यायला जागा नाही अशी रचना. माईकमध्ये घरघर येते म्हणून पंखे बंद ठेवले होते. रंजना पाऊण तास घामाने निथळत गात होती. आवाज थोडा खरबरीत, पण प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत. तिसऱ्या गाण्यापर्यंत माझं हसू जिरलं होतं. सासूबाई दुसऱ्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या.

मध्यंतर झालं आणि पंखे पूर्ण वेगाने सुरू झाले. तिथली पद्धत अशी की सत्कार मध्यंतरात, कारण सुरुवातीला निम्मे पाहुणे पोचलेले नसतात. आणि पाहुण्यांचं होईपर्यंत कलाकारांनी मागे रांगेत उभं राहायचं, नाहीतर तो अपमान. मला शाल घातली ती रंजनानेच. मग माईक हातात आला.

मी आभार मानले. तिथे थांबायचं होतं. पण टाळ्या आल्या. मग मी कॉलेजात आम्ही कसे गायचो ते सांगितलं, शहरातली नाटकं कशी पोकळ झालीत ते सांगितलं, आणि "अशा ठिकाणी असं काही घडतं" हेही म्हणाले, चक्क कौतुक म्हणून. मध्येच मागे वळून "ही आपली रंजना" म्हणत हात केला, तेव्हा ती दिसली. घाम वाळत होता. तिने पदर गळ्याभोवती घट्ट धरला होता आणि ती आवंढे गिळत होती. मी ते पाहिलं, आणि तरी बोलत राहिले. माझ्याकडे पुढचं वाक्य तयार होतं आणि ते चांगलं होतं. एवढंच कारण. सुभाष नंतर म्हणाला, चौदा मिनिटं.

पंखे बंद झाले. वरचं गाणं खालच्या पट्टीत सुरू होतं, चढत जातं, आणि शेवटी सगळी वाद्यं थांबतात, फक्त तिचा सूर उरतो. वाद्यं थांबली. सूर अर्ध्यावर फाटला. मागून कुणीतरी शीळ घातली. सुभाषने नको तिथे ड्रम्स सुरू करून ती पोकळी भरली. रंजना उरलेली ओळ खालच्या सुरात म्हणाली आणि पुढचं नाटक तिने धीराने पार पाडलं. लोक उभे राहिले, टाळ्या झाल्या. ती वाकली तेव्हा सासूकडे बघत नव्हती.

बाहेर चहाच्या टपरीवर सासूबाई माझ्याजवळ आल्या. "तुमी लय बोलल्या बाय."

"हो मावशी."

"ती हुबी व्हती."

मी मान हलवली. रंजनाने मला आधीच सांगितलं होतं, हे तिथे म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घ्या." परतताना गाडीत सगळे दमलेले होते. त्यांना सोडून मी अंधारात घाट चढले. शाल मागच्या सीटवर होती.

बुधवारी सुभाषचा फोन आला. सासूबाईंनी निकाल दिलाय: हे काय नीट ऐकून झालं नाय, अजून एकदा करा, मग सांगते. पाव्हण्यांना मधी बोलू देऊ नका. शहापूरला प्रयोग ठरवताहेत.

"तू मनाला लावून घेऊ नको," तो म्हणाला. "मी चिडलो होतो. पण रंजना म्हणाली, मॅडमना कसं माहीत असणार."

तिने हे सांभाळून घेतलं होतं, माझ्यासाठी, आणि कुणी न मागता. मी सुभाषला सांगून टाकलं, की मला माहीत होतं, तिने स्वतः सांगितलं होतं, आणि बोलताना ती मला दिसतही होती.

तो म्हणाला, "हे तिथे का नाही बोललीस? बाकी तर चौदा मिनिटं बोललीस."

ज्यांना जायचंय त्यांनी शहापूरचा प्रयोग चुकवू नये. रस्ता चांगला आहे, जेवण चांगलं आहे, आणि रंजनाचा आवाज तुम्ही पूर्ण ऐकायला हवा; मी तो ऐकलेला नाही. तिचा नंबर सुभाषने पाठवलाय. तीन दिवस झाले. तिच्याशी बोलायच्या आधी मी हे सगळं तुम्हाला सांगत बसले आहे, हे आता, एवढं लिहून झाल्यावर, लक्षात येतंय.