बारा आहेत, पण अकरावी नाही

"कॅप मोजल्यास का?" दातेसाहेबांनी विचारलं. ते आमचे मॅनेजर.

"बारा आहेत, साहेब."

"मग अडचण काय?"

"अकरावी नाही."

साहेब माझ्याकडे असे बघत राहिले, की मी काय बोललो ते माझं मलाच कळेना.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला आमचा कारखाना नुकता उभा राहत होता. परदेशातून एक जुनं मशीन सुटं करून आलं होतं आणि ते जोडायचं काम माझ्याकडे, म्हणजे नव्या कोऱ्या डिप्लोमावाल्याकडे. मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, बारा बेअरिंगांवर टेकलेला. प्रत्येक बेअरिंगवर एक लोखंडी झाकण, ती कॅप. ज्याची कॅप त्यालाच बसते. अदलाबदल झाली की शाफ्ट जाम. म्हणून सुटं करतानाच फिटर कॅपवर छिन्नीने नंबर मारून ठेवतो. छिन्नीची धार सरळ, तिला गोल आकडे जमत नाहीत. म्हणून रोमन आकडे. रेघ म्हणजे एक, दोन तिरक्या रेघा म्हणजे पाच, फुली म्हणजे दहा. फुलीआधी रेघ असेल तर नऊ, फुलीनंतर असेल तर अकरा. शाळेत घोकलेलं.

पण रेघ आणि फुली अशी कॅप एकच निघाली, ती नऊ. आणि एक भलतीच होती. पाचाची खूण, पुढे चार रेघा. हा कुठला आकडा? अकरा मिळेना म्हणून तीच अकराव्या जागी लावली. जाम. नऊ नवव्या जागी लावली, तीही जाम! माझं डोकंच चालेना.

साहेबांचं चाललं. "स्टोअरमधला घोळ आहे. तापकीरने अकरा हरवली आणि दुसरीच कसली तरी आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत सापडली नाही, तर त्याला म्हणावं उद्यापासून येऊ नकोस."

तापकीरभाऊ रहाटणीचे, आमचे स्टोअरकीपर. निरोप ऐकून बिचाऱ्याचं तोंड उतरलं. "बारा आल्या, बाराच्या बारा तुमाला दिल्या. आता अकरावी कुठनं पैदा करू, राव?"

मला फार वाईट वाटलं. मी ती रेघ-फुलीची कॅप स्टोअरच्या काउंटरवर ठेवली. "हे बघा, ही नऊ. अशीच, फक्त..."

"नऊ कुठली? अकरा हाय की ही!"

"भाऊ, चेष्टा नको."

"चेष्टा? हितं नोकरी चाललीय माझी! फुली, मग रेघ. अकरा न्हाई तर काय?"

मी चिडून त्यांच्या बाजूला गेलो. अकरा! परत माझ्या बाजूला आलो. नऊ! आम्ही दोघं वेड्यासारखे काउंटरभोवती फिरायला लागलो.

बरं, ही अकरा धरली तर नऊ कुठे गेली? हताश होऊन मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रोज जेवायची सुट्टी त्यातच बघायचो. त्यात चाराच्या जागी चार उभ्या रेघा! चौथी कॅपही चार रेघांचीच होती आणि ती मी मुकाट्याने चौथ्या जागी लावली होती. म्हणजे पाच आणि पुढे चार... अरे, हीच की नऊ!

पुढे वाचनात आलं, जुने रोमन लोक पुष्कळदा अशी सरळ बेरीजच लिहीत. दहातून एक वजा करायची पद्धत नंतर पक्की झाली. त्या फिटरने जुनी रीत धरली होती. त्याच्या हिशेबात रेघ-फुली कशीही फिरवली तरी अकराच.

दोन्ही कॅपची जागा बदलली. शाफ्ट हाताने फिरला.

"अकरा सापडली?" साहेबांनी विचारलं.

"हो. आणि नऊसुद्धा."

"नऊ कधी हरवली होती?"

माझ्यामागून आलेल्या तापकीरभाऊंनी मधेच हळूच विचारलं, "साहेब, उद्या कामावर येऊ न्हवं?"

"वेळेवर या," एवढंच साहेब म्हणाले.

तेव्हापासून वस्तू हरवल्याचा आळ कुणावर आला, की मी आधी काउंटरच्या पलीकडे जाऊन बघून येतो.