डाव्या खांद्याचा दस्ता

थोरला भाऊ बंदुकीच्या नळ्या घडवायचा, धाकटा त्यांना लाकडी दस्ते बसवायचा. बंदुका जुन्या वळणाच्या, चकमकीच्या. गारगोटीची ठिणगी पडली की दारू पेटायची. भिंतीच्या एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला अक्रोडाच्या फळ्या. "विस्तवाशेजारी भुसा नांदतोय," असं गल्लीतले लोक हसून म्हणायचे. पण दोघांचं छान जमायचं.

मग थोरल्याचा एकुलता एक मुलगा गेला. खास त्याच्यासाठी केलेली बंदूक होती. त्यानं पहिलाच बार काढला आणि नळी फुटली. त्याला पोचवून आल्यावर धाकट्यानं ते तुकडे हातात घेऊन पाहिले आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नळीतच दोष होता."

थोरला उठून आत गेला. त्या दिवसापासून तो धाकट्याशी बोलला नाही.

काम चालूच राहिलं. पोटाला अबोला कळत नाही. नळी तयार झाली की वहिनी ती फडक्यात गुंडाळून आणायची, "हे पाठवलंय," म्हणायची आणि परत जायची. दस्ता बसला की पहिला बार थोरला स्वतः काढायचा. फुटली तर आपल्या हातात फुटू दे, असं त्याचं म्हणणं.

वर्षं अशीच गेली. एका हिवाळ्यात थोरल्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, भट्टी विझली. एक नळी तेवढी आधीच पुरी झाली होती. वहिनी ती घेऊन आली आणि या वेळी दारातच थांबली.

"भावजी, हिचाही बार तेच काढणार म्हणतात."

"कुठल्या हातानं?"

"डाव्या. माप घ्यायला या."

दस्ता अंगाच्या मापाचाच लागतो. नाहीतर बार उडताना गाल फोडतो, खांदा ठेचतो. धाकटा गेला. थोरला खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. धाकट्यानं मान खाली घालूनच दोरी लावली: कोपरापासून बोटापर्यंत, खांद्यापासून गालाच्या हाडापर्यंत. सदऱ्याखाली खांद्याची नुसती हाडं लागली.

त्यानं सगळं उलट्या अंगानं केलं. ठिणगी डोळ्यात उडू नये म्हणून गारगोटीचा घोडा डावीकडे घेतला. नळीला काजळी फासून ती लाकडात दाबायची, काळं उमटेल तेवढंच गोल पटाशीनं खरवडायचं, पुन्हा दाबायची. खांद्याकडची बाजू त्यानं नेहमीपेक्षा रुंद ठेवली आणि खोलगट कोरली. हाडांना धक्का कमी बसावा म्हणून.

लावून बघायला तो दस्ता घेऊन गेला, तेव्हा थोरल्यानं तो खांद्याला टेकवला, गाल लाकडावर ठेवला आणि तसाच राहिला.

"पोराचा दस्ता..." शब्द अडखळत येत होते. "कसा झाला होता?"

"चांगला झाला होता, दादा. त्याच्याच मापाचा."

"नळी मी घाईत केली. हट्ट धरला होता त्यानं. मला... नाही म्हणवलं नाही."

धाकट्यानं शेजारी बसून भावाचा लुळा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. दाराआड वहिनी तोंडाला पदर लावून उभी होती.

परसात वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून थोरल्यानं बार काढला. धूर विरला. नळी शाबूत होती, थोरलाही.

त्यानंतर तो रोज सकाळी पाय ओढत लाकडाच्या अंगाला येऊन स्टुलावर बसू लागला. इतक्या वर्षांचं बोलणं तुंबलेलं. निम्मं कळायचं, निम्मं धाकटा कळल्यासारखं दाखवायचा. बहुतेक बोलणं म्हणजे धाकट्याच्या कामात खोट काढणंच.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी तो बोलता बोलता भिंतीला टेकला आणि गेला. धाकट्याची हाक ऐकून वहिनी धावत आली. नवऱ्याच्या पायाशी बसली. पायांवरून हात फिरवत तिनं विचारलं, "शेवटी काय म्हणत होते?"

"तुझ्या पटाशीला धार नाही, म्हणाला," धाकटा म्हणाला, आणि मग त्याला रडू आलं.