सरांचा नॉर्वे

आमच्या भूगोलाच्या सरांइतकं जग रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल, आणि सर पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. दिघीच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी आम्हाला नद्या, वारे आणि वाळवंटं शिकवली. एका हाताने फळ्यावर आफ्रिका काढायचे आणि दुसऱ्या हाताने मागच्या बाकाकडे खडू फेकायचे, दोन्ही अचूक. पण नॉर्वेचा धडा आला की ते खडू खाली ठेवत. तिथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, हे सांगताना त्यांचा आवाज घरातली गोष्ट सांगावी तसा उतरायचा. पासष्टाव्या वर्षी काकूंना घेऊन तो सूर्य बघायला जायचं, हे त्यांनी आम्ही आठवीत असतानाच जाहीर केलं होतं. काकूंचं मत वेगळं होतं. "एवढ्या लांब जाऊन करायचं काय, तर जागं राहायचं. ते मला यांच्या घोरण्यानं इथंच जमतं."

मी फेरीबोटीवर दोर बांधणाऱ्या खलाशाचा मुलगा. कॉलेजचा फॉर्म भरायला सर माझ्याबरोबर माणगावला आले नसते, तर मीही आज दोरच बांधत असतो, आणि तो निदान घट्ट तरी बसला असता. त्याऐवजी मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो, म्युच्युअल फंड विकायची परीक्षा पास झालो, माणगावात फरसाणाच्या दुकानावर खोली घेतली आणि भर मे महिन्यात टाय घालून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. पहिलं गिऱ्हाईक म्हणून नुकतेच निवृत्त झालेले सर आले. मी उठून उभा राहिलो. मी उभा आहे म्हणजे कुठेतरी निघालो असणार, असं वाटून तेही बसले नाहीत. आमचा सगळा आर्थिक सल्ला त्या दिवशी उभ्याउभ्या झाला, आणि पुढेही तसाच होत राहिला.

नॉर्वेचे पैसे कुठे ठेवायचे, असा प्रश्न होता. मी परदेशी शेअरांचा फंड सुचवला आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं: सगळ्यांचे रुपये गोळा होतात, फंडाचा मॅनेजर त्यातून अनेक देशांतल्या कंपन्यांचे शेअर घेतो, एका कंपनीत किंवा एका देशात ठरल्यापेक्षा जास्त घालत नाही, थोडी रोकड हाताशी ठेवतो; डॉलर महागला तर आपला फायदा, स्वस्त झाला तर तोटा. सर म्हणाले, "म्हणजे आपली वाडीच की. वादळात सुपारी पडली तर नारळ आहे, नारळाला कीड लागली तर मिरी आहे." माझ्या पुस्तकात याच गोष्टीला अकरा पानं लागली होती.

फंडाचं महिन्याचं माहितीपत्रक आलं की सर ते शाळेच्या नकाशासंग्रहाशेजारी ठेवून लाल पेनाने तपासत. "जपानमधले शेअर कमी केले. कारणे द्या," असं समासात लिहीत. एकदा त्यांनी असे सहा प्रश्न मॅनेजरला पोस्टानेही पाठवले. उत्तरात छापील आभार आले. सरांनी त्याला दहापैकी दोन गुण दिले, तेही अक्षराचे. मॅनेजरला ते 'मॉनिटर' म्हणत. टीव्हीवर तैवानमध्ये भूकंप झाल्याचं दिसलं की माझा फोन वाजायचा, "आपलं किती आहे रे तिथं?" मला ठाऊक नसायचं. मी "बघून सांगतो सर" म्हणायचो, आणि मी शोधेपर्यंत तेच मला सांगायचे. शिवाय थंडीची सवय व्हावी म्हणून जानेवारीत सकाळच्या पहिल्या फेरीबोटीने, स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून ते आगरदांड्याला जात आणि त्याच बोटीने परत येत. माझे वडील त्यांना तिकीट मागत नसत. म्हणत, "सर परदेशी चाललेत."

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. आमच्या धंद्यातला साधा नियम असा, की ज्या पैशाला तारीख आहे तो तारखेच्या वर्षभर आधीपासून शेअरांतून हळूहळू काढून सुरक्षित जागी न्यायचा. मॉनिटर कितीही हुशार असला तरी आपल्याला पैसे कधी लागणार हे त्याला कळत नाही. ते बघणं माझं काम. सर चौसष्टचे झाले तेव्हा मी माणगाव ते दिघी एसटीत तीच चार वाक्यं घोकत गेलो. मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "पैसे जूनपर्यंत तिथंच राहू देत. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळा बदलत नाहीत." मी म्हणालो, "हो सर." घरी वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरा केलास. सरांच्या म्होरं तोंड चालवायचं न्हाय."

चार महिन्यांनी जगातले सगळे बाजार एकाच बाकावर बसल्यासारखे एकदम नापास झाले. मॉनिटरने पैसे नीट विभागले होते, म्हणून फंड इतरांपेक्षा कमी पडला. पण पडला तो नॉर्वेच्या तिकिटाच्या किमतीखाली. मी दिघीला जाणं बंद केलं. शेवटी सरच सकाळच्या एसटीने माणगावला आले. मी उभा. ते मात्र या वेळी बसले.

"हे असं होऊ शकतं, हे तुला माहीत होतं?"

"हो सर."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही सर आहात."

त्यांनी भिंतीवरचं माझं प्रमाणपत्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "बत्तीस वर्षांत मी वर्गात सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य कुठलं, सांगू? गप्प बसा." आणि खाली जाऊन माझ्यासाठी पावशेर शेव घेऊन आले.

पैसे भरून यायला तीन वर्षं लागली. स्वेटर डांबरगोळ्यांसह ट्रंकेत गेला. सरांचे गुडघे दुखू लागले; काकू डाव्या कानाने कमी ऐकू लागल्या. गेल्या पावसाळ्यानंतर फंड नॉर्वेच्या तिकिटाच्या बराच वर गेला, तेव्हा मी पैसे काढायचा फॉर्म घेऊन दिघीला गेलो. सर ओटीवर बसून माहितीपत्रक तपासत होते. म्हणाले, "आता चांगला चाललाय. आणखी एक वर्ष राहू दे."

"नाही सर," मी म्हणालो. "आता काढायचे."

आत काकूंची नारळ खवण्याची खरखर थांबली. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तसं आठवीनंतर पाहिलं नव्हतं. माझा हात छडी खायच्या जुन्या सवयीने पुढे व्हायला लागला होता. सरांनी त्यात लाल पेन दिलं, म्हणाले, "सही जिथं करायची तिथं फुली मार."

पैसे आता बँकेत आहेत, जूनची तिकिटं काढली आहेत, गुडघ्यांचं डॉक्टर अजून नीट सांगत नाहीत. संध्याकाळी सर काठी घेऊन जेट्टीवर येतात, आणि दिघीला गेलो की मीही शेजारी जाऊन बसतो. हल्ली बसतो. परवा सूर्य पाण्याला टेकला तसे ते म्हणाले, "हा बघ, तास संपायच्या आधीच पळाला. तिकडचा थांबतो म्हणतात."

मी म्हणालो, "थांबेल सर."