तिसरी गाठ

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतखेत, अंगात येणं... असलं कुणी बोलायला लागलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून हे लिहायला तीन वर्षं लागली.

माहेर नेकनूरचं. आई गावची सुईण. दवाखाने झाल्यापासून तिला कुणी बोलवत नाही. बाई अडली की ती आधी घरातल्या सगळ्या गाठी सोडायला लावायची — वेणी, गाठोडी, शेळीचं दावंसुद्धा. गाठी सुटल्या की बाईही सुटते म्हणे. मी हसायचे.

बीडच्या एका दवाखान्यात माझं दुसरं बाळंतपण. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, आणि मला न दाखवताच नेलं होतं. म्हणून यावेळी भेटेल त्याला एकच सांगत होते — बाळ आलं की आधी मला हात लावू द्या. सकाळी कळा चांगल्या चालू होत्या. अकराला डॉक्टर म्हणाले, "सिझर करू." सही नवऱ्याची घेतली. मला कुणी विचारलंच नाही.

टेबलावर दोन्ही हात पसरून पट्टीने बांधले.

"सिस्टर, एक हात तरी मोकळा ठेवा ना."

"हलू नका मॅडम."

तेवढ्यात उजव्या हाताची गाठ सुटली. आपोआप. सिस्टरने घट्ट बांधली. पुन्हा सुटली. "तुम्ही सोडताय का?" म्हणे. कशानं सोडू, दातानं? शेवटी वैतागून तिने गाठ मारलीच नाही, चिकटपट्टीचे चार वेढे दिले. ते नाही सुटले.

मुलगी रडली. मी हात ओढला, खूप ओढला... लांबूनच दाखवली आणि काचेच्या पेटीत ठेवायला नेली. सहाव्या दिवशी माझ्या हातात दिली. सगळे म्हणत होते, दोघी सुखरूप आहात, मग रडतेस कशाला?

ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी नवरा म्हणाला होता, "तुझ्या आई बाहेर बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. हातात काहीच नाही, पण बोटं गाठ सोडत होती. दोनदा 'सुटली' म्हणाल्या. मग नुसत्याच चाचपडत राहिल्या."

मध्ये दोन बंद दारं होती. आतलं मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

आई परवा पुन्हा म्हणाली, "दोन घावल्या गं. तिसरी लई हुडकली, न्हाईच घावली."

शेवटी सांगून टाकलं. "आई, तिसरी गाठ नव्हतीच. चिकटपट्टी होती."

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली.

"ते सोडायचं मला कुठं येतंय, बाई."