दोघींची हजेरी

मूर्ख असावं माणसानं, पण किती? वर्गात आम्ही पोरी दोनच. जागा पहिल्या बाकावर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढं. आणि मी एकटी दोघींची हजेरी देत होते. नातवंडांना सांगितलं की लोळून हसतात. हसा. इतकी बिनडोक पोरगी मीही पुन्हा पाहिली नाही.

दुसरी पोरगी म्हणजे आमच्या गावच्या पाटलाची लेक, शकुंतला. गाव टेंभुर्णीकडचं. माझी माय त्यांचं अंगण झाडायची, शेण काढायची. ओसरीची पायरी आम्हाला बंद. जालन्यात नवं कॉलेज निघालं, दोघी एकाच वर्गात आलो, तेव्हा मला वाटलं, झालो बराबर.

थोड्याच दिवसांत शकुंतला म्हणाली, "माझं नाव आलं की तू बोलून टाकत जाय. मला सकाळी उठू वाटत न्हाई."

मी म्हणाले, "जी."

झालो ना बराबर!

त्या काळी सर पोरींकडं बघत नसत. रजिस्टरात मान घालून नावं घ्यायचे. माझ्या नावाला मी जाड आवाजात "येस सर" म्हणायचे, तिच्या नावाला बारीक आवाजात. मागं पोरं खुसखुसायची. मला वाटायचं, माझ्या कलेवर खूश आहेत.

एका सकाळी बाकावरच डुलकी लागली. मी मावशीकडं राहायचे, पहाटे उठून पाणी भरायचं माझ्याकडं होतं. सरांनी जोरात पुकारलं, "शकुंतला!" झोपेत मला वाटलं, मी गावात आहे, त्यांच्या अंगणात, आणि शकुंतलाच हाक मारतेय. गावात तिला अक्कासाहेब म्हणायचं. ताडकन उठले, हात जोडले आणि ओरडले, "जी अक्कासाहेब, आले!"

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "घरची सवय कॉलेजात आणलीस होय? मग झाडूपण आणायचा."

वर्ग हसला. मीपण हसले. ते हसू अजून तोंडात कडू लागतं.

खोटी हजेरी उघडी पडली. प्रिन्सिपलांनी मला कॉलेजातून काढलं. दिवाळीनंतर समितीपुढं यायचं, समितीला पटलं तर परत घेणार. शकुंतलेला काहीच नाही. तिला म्हणे ताप होता.

अण्णा, म्हणजे माझा बाप, आधीच बोलून बसला होता: कॉलेज सुटलं की वडीगोद्रीचं स्थळ. त्यामुळं मी मावशीलाही सांगितलं नाही. रोज वह्या घेऊन निघायचे, मोतीतलावाच्या काठी बसायचे. गावाकडचं माणूस दिसलं की झाडामागं. एकदा पाठीमागं कुणीतरी खोकलं. वह्या टाकून पळाले. वळून बघते तर बकरी. बकरीला भ्यायले मी! पण खरं सांगते, रात्री अंगावर लग्नाची हळद दिसायची आणि दचकून जागी व्हायचे.

समितीत तिघं. प्रिन्सिपल, ते सर, आणि खुर्चीत रेलून पाटील. समितीत पाटील असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लुगडं ओलं होतंय की काय, अशी भीती.

कागद लिहून तयार होता. प्रिन्सिपलांनी वाचला. 'हे मी माझ्या मनाने केले. शकुंतलेचा यात काही संबंध नाही. मला क्षमा करावी.'

पाटील म्हणाले, "कर सही. जल्दी. तुझी माय आपल्याच दारातली हाय, म्हणून सांभाळून घेऊन राह्यलो."

मी टाक घेतला. नावाची दोन अक्षरं लिहिलीसुद्धा. आणि हात थांबला. शकुंतला आजही आली नव्हती. तिच्या जागी मी उभी. तिच्या नावाचं मी बोलायचं. म्हणजे ही पण तिचीच हजेरी!

"सही कर," पाटील म्हणाले.

"न्हाई."

आवाज असा निघाला, बकरी बरी. पण निघाला. "अक्कासाहेबांनी सांगितलं, मी केलं. दोघी चुकलो. तसं लिहा, मंग सही करते."

पाटील उठून उभे राहिले. तेव्हा ते झाडूवाले सर खाली बघूनच म्हणाले, "हजेरी तिच्याच नावाला लागलीय. संबंध नाही कसं लिहायचं?"

सरांना माझा कळवळा नव्हता. त्यांना त्यांचं रजिस्टर प्यारं होतं. प्रिन्सिपलांनी कागदात दोघींची नावं घातली, मग मी सही केली.

मला परत घेतलं, अटीवर. वर्षभर नजर राहणार, एक चूक झाली की नाव कायमचं कमी. दाराशी पाटील हळूच म्हणाले, "गावात तुझी माय हाय, ध्यानात ठेव."

कॉलेजातून तडक मोटार धरली. गावात पोचले तेव्हा माय चुलीपुढं होती. सगळं सांगितलं. म्हणाले, माय, मला लई भ्याव वाटून राह्यलं, मी परत जात न्हाई, तुला ते जगू देणार न्हाईत.

मायनं भाकरी उलटली. म्हणाली,

"उद्यापासून त्यांचं अंगण बंद. तू तिथं भीत भीत बस, मी हितं भीत भीत बसते. पण दोघींतलं कुनीबी उठायचं न्हाई."