डावा फुगा

डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी धाकट्या भावाला, वसंताला, स्लीपर बसने गावी नेत होतो. जेवणाच्या थांब्यावर इंजिन बंद झालं आणि बस हळूहळू डावीकडे बसली. वसंता ऑपरेशनच्या कुशीवर कलला, कण्हला.

मी ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "चाकांवर हवेचे फुगे असतात, काका. डावा गळतोय. इंजिन चालू असलं की हवा भरत राहते." त्याने इंजिन सुरू केलं. बस बोटाबोटाने वर आली. मी परत येऊन वसंताच्या बर्थवर पाण्याची बाटली आडवी ठेवून खात्री केली. पाणी दोन्ही टोकांना सारखं होतं.

"माझ्यासारखीच की ही," वसंता म्हणाला. "बंद पडली की कलंडणार."

मला हसू आलं नाही. गेले चार महिने आम्ही दुसरं काय करत होतो? गळती तशीच होती. जेवढं जाईल तेवढं आत घालत होतो.

खालून कोणी ओरडलं, "बंद करा हो गाडी, ताटात धूर येतोय!"

"अर्धा तास सोसा," ड्रायव्हर म्हणाला. "आत पेशंट आहे."

वसंताने डोळे मिटले. "दादा, अजून किती?"

"एकशे चाळीस किलोमीटर."

"ते नाही रे विचारलं," तो म्हणाला.