एकटीचा व्हिसा

एन्टर दाबण्याआधी ती माझ्याकडे बघायची. "ताई, उडणार नाही ना?" म्हणजे, टाइप केलेलं सगळं.

"नाही उडत. दाब."

मग ती डोळे मिटून दाबायची.

मंदी आली त्याच्या पुढचं वर्ष. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या माझ्या घरी दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्युटरचा वर्ग भरायचा. ज्यांच्या घरातला पगार बंद झाला होता, त्या बायकांसाठी. ती त्यांतलीच एक. मराठी मंडळातर्फे आलेला तांदूळ-डाळही तिथेच वाटायचो. पिशवी घेताना ती मान वर करत नसे.

तिच्या नवऱ्याची बांधकामाची साइट बंद पडली होती. त्याचा व्हिसा कॅन्सल झाला, की महिनाभरात तो, ती आणि लहान मुलगी, तिघांनाही देश सोडावा लागणार होता. दाराची बेल वाजली तरी ती दचकायची. तेव्हा तिकडे असाल, तर ही भीती तुम्हाला ठाऊक असेल. माझा नवरा ऑफिसातून घरी येईपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नसे.

की-बोर्डवर तिची बोटं गार पडायची. एकदा मी विचारलं, "एसी कमी करू?"

"एसीचं नाही, ताई. घरी गेले की हे विचारतात, आज काय शिकलीस? सगळी आशा माझ्यावर ठेवून बसलेत."

जवळच्याच मुसफ्फातल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनची जागा निघाली. मी सोबत गेले, काचेबाहेर बसले. मॅनेजरने तिला पेशंटची नावं एक्सेलमध्ये भरायला दिली. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला. भरलेलं सगळं गेलं.  पण ती माझ्याकडे वळली नाही. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि पहिल्या नावापासून भरायला लागली.

"संडे से आओ," मॅनेजर म्हणाला.

नोकरी मिळाली, व्हिसाही मिळाला, पण एकटीचा. त्या नोकरीवर नवऱ्याला आणि मुलीला ठेवून घेता येत नव्हतं. नवरा म्हणाला, "तूही चल परत."

"तिकडे जाऊन तिघांनी खायचं काय?" एवढंच ती म्हणाली.

बाप-लेकीला सोडायला गेलो, तेव्हा एअरपोर्टवर मुलीने विचारलं, "मम्मी, हू विल स्लीप विथ यू?"

"क्लिनिकच्या रूममध्ये आहेत ना बाकी सगळ्या जणी," ती म्हणाली आणि मुलीच्या स्वेटरची बटणं लावत राहिली.

ती दोघं आत गेली. मी टॅक्सी थांबवली, तिच्याबरोबर बसायला निघाले. तिने माझा हात धरून थांबवलं.

"आज मला एकटीला जाऊ द्या, ताई. उद्यापासून जायचंच आहे."

ड्रायव्हरने विचारलं, "किधर, मॅडम?"

"मुसफ्फा. ड्यूटी है."

टॅक्सी वळेपर्यंत ती मला दिसत होती. पुढच्या सीटची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.